दोनदा आलेलं आमंत्रण

जपानमधल्या ओजिमातल्या आमच्या मराठी मंडळाची मेलिंग लिस्ट इतकी जुनाट आहे की प्रत्येक मेल दोनदा येतो. ती दुरुस्त करा म्हणून मी ओरडून थकलो. कोणी मनावर घेईल तर शपथ! यंदा गणपतीचं आमंत्रणही दोनदा गेलं. लिस्टवर एकच जपानी गृहस्थ आहेत, माझे निवृत्त साहेब. त्यांनी दोन्ही मेलना आभार मानून वेगवेगळं उत्तर पाठवलं. सकाळच्या आरतीला ते मिठाईचा खोका घेऊन आले. संध्याकाळी पुन्हा हजर, नवा खोका घेऊन. म्हणाले, "तुम्ही दोनदा बोलावलंत. एकदाच येणं बरं दिसलं नसतं."

आमची मराठी मंडळी मात्र मोदक संपल्यावर उगवली. म्हणे, मेल आलाच नाही!