लाल चाक, काळं चाक आणि एक नारळ

आमच्या घरात गाडी कधीच नव्हती. पण नव्वदच्या दशकातल्या एका दसऱ्याला आमच्याकडे स्टिअरिंग मात्र दोन होती.

झालं असं की माझ्या बायकोने, सुनंदाने, नेरुळला आमच्याच सोसायटीच्या खालच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान काढायचं ठरवलं. मुख्य आकर्षण होतं गाड्यांच्या शर्यतीचं मोठं मशीन. विकणाऱ्याने सोबत दोन स्टिअरिंग पाठवली होती. एक ठेवा, दुसरं दसऱ्यानंतर परत करा. काळं चाक कितीही फिरवा, गोल गोल फिरतच राहायचं. लाल चाक अर्ध्यात थांबायचं, सोडलं की आपोआप सरळ व्हायचं आणि गाडी आपटली की हातात थरथरायचं. दसऱ्याला उद्घाटन होतं. बाकी सगळं सुनंदाने एकटीने उभं केलं होतं. माझ्यावर तिने एकच काम सोपवलं, चाक निवडायचं.

मी बेलापूरच्या सरकारी कचेरीतला माणूस. मी फाइल उघडली. उभ्या-आडव्या रेघा मारून तुलनात्मक तक्ता केला. (मला चारचाकी चालवता येत नाही, ही बाब तक्त्यात नमूद नव्हती.) तीन दिवसांच्या अभ्यासाअंती शेरा मारला : लाल योग्य, काळे अयोग्य.

उद्घाटनासाठी सासरे साताऱ्याहून आले होते. मी त्यांना मामा म्हणतो. तीस वर्षं त्यांनी घाटातून सरकारी लाल गाडी चालवली होती. त्यांनी दोन्ही चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाले, “पाव्हणं, काळं बसवा. ह्ये लाल आपल्या मनानंच सरळ व्हतंय. मग डायवर कशाला पायजे?”

मी त्यांना समजावलं की हा खेळ आहे, घाट नाही. तक्ताही दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला. वादात हरलेला माणूसच गप्प बसतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

दसऱ्याच्या सकाळी मशीनची पूजा मीच करणार, असा मी हट्ट धरला. मशीनला बसवलेल्या लाल चाकाला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. नारळ खरं तर जमिनीवर फोडायचा. पण सुनंदाने नवी फरशी घासूनपुसून लख्ख केली होती. ती खराब होऊ नये म्हणून (केवढा हा विचारी नवरा!) मी तो मशीनच्या लोखंडी कडेवर फोडला. सगळं पाणी चाकाच्या फटीतून आत गेलं आणि पाठोपाठ अक्षताही गेल्या.

अख्खी सोसायटी जमली. पहिल्या फेरीचा मान चेअरमनसाहेबांचा. ते बसले, गाडी सुटली आणि लाल चाक थरथरायला लागलं ते थांबेचना! मग ते डावीकडे वळून तिथेच अडकलं. पडद्यावर साहेबांची गाडी एका झाडाला प्रदक्षिणा घालू लागली.

“अहो, ही डावीकडेच जाते,” चेअरमन म्हणाले.

“रस्ताच तसा आहे,” मी म्हणालो.

सुनंदा माझ्याजवळ आली. हळूच तिने एवढंच विचारलं, “नारळ कुठे फोडलात?” मी उगाच झेंडूचा हार सारखा करत राहिलो. तिचे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, त्या क्षणी मला फाइलसकट खाडीत उडी मारावीशी वाटली.

मामा उठले. त्यांनी पाना मागितला, वायर काढली, चार बोल्ट सोडले, लाल चाक माझ्या हातात दिलं आणि काळं बसवलं. मग स्वतःच चालवायला बसले. पहिलं वळण येताच त्यांनी दोन्ही हातांनी चाक गरागरा फिरवलं आणि वळण संपताच तितक्याच सफाईने परत आणलं. मागे पन्नास प्रवासी झोपलेत अशा बेताने, कुणालाही न ठोकता, ते पहिले आले! टाळ्या, शिट्ट्या, नुसता जल्लोष. चेअरमन पुन्हा रांगेत उभे राहिले. रांग जिन्यापर्यंत गेली आणि सुनंदा सकाळपासून पहिल्यांदा हसली.

“तात्या, आता ह्यांना काय काम देऊ?” तिने वडलांना विचारलं.

मामांनी पूजेच्या ताटातली घंटी उचलून माझ्या हातात ठेवली. “पाव्हणं कंडक्टर. डबल बेल दिल्याबिगर गाडी हलणार न्हाय.”

दुकान पुढे सहा वर्षं जोरात चाललं. त्या चाकाला मला कुणी हात लावू दिला नाही. पण घंटी वाजवून “पुढे सरका” म्हणण्यात अख्ख्या नेरुळात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.