दुर्बिणीची कल्हई

सरिता हिवराळेला आभाळ आवडत नाही. भावसिंगपुऱ्यातल्या तिच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. गच्चीवरून कुणी म्हटलं, 'वहिनी, या की वर, चांदणं बघा कसलं पडलंय,' तर ती खालूनच ओरडते, 'पडू दे. उचलायला मी येणार नाय.'

आभाळ तिच्या घरात शिरलं ते नवऱ्यामुळे. साहेबराव चितेगावच्या एका कंपनीत फिटर होता. पहाटेच्या बसनं जायचा, दुपारी यायचा. पहिल्या पाळीहून आलेली माणसं झोपतात, पत्ते कुटतात, पितात. हा ओसरीत वाळूनं भरलेल्या पिंपाभोवती फिरायचा. पिंपावर एक जाड काच, तिच्यावर दुसरी तेवढीच, मधे ओली पूड. वरची काच पुढे ढकलायची, मागे ओढायची, एक पाऊल सरकायचं. असं घासत राहिलं की वरची काच मधोमध खोलगट होते आणि तिचा दुर्बिणीचा आरसा होतो, एवढं त्यानं बायकोला पहिल्या दिवशी सांगितलं. पुढे काही सांगितलं नाही. फक्त आवाज. खर्र, खर्र. दळणसुद्धा कधीतरी संपतं. हे एक उन्हाळा आणि एक पावसाळा संपलं नाही.

ती पूड कणकेत यायची. दाताखाली कचकच झाली की सरिता ताट त्याच्याकडे सरकवायची. 'खा. काच खा आता.' शेवटी शेवटी काचेला पॉलिश करायची राळ वितळवायला त्यानं तिचं दुधाचं पातेलं घेतलं. त्यात पुन्हा कधी दूध तापलं नाही. 'तुमची ती काच' हे तिच्या तोंडी शिवीसारखं बसलं.

काच ज्यांच्यासाठी घासली, ते व्याध खगोल मंडळ. प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतले लोक, चार विद्यार्थी. अमावास्येच्या आसपास म्हैसमाळला जाऊन तारे बघायचे, वेरूळला आलेल्या सहलींना सूर्यावरचे डाग दाखवायचे, ग्रहण लागलं की मैदानात उभं राहून सगळ्यांदेखत पोहे खायचे. अध्यक्ष लक्ष्मण सेलूकर, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. एकदा कंपनीत त्यांचं व्याख्यान झालं आणि साहेबराव त्यांच्या मागे गेला तो गेलाच.

दुर्बिणीची नळी आणि स्टँड सेलूकरांच्या पैशानं आलं. आरशावरचा चकचकीत थरही. तो पुण्याहून चढवून आणावा लागे. साहेबराव त्याला कल्हई म्हणायचा. काही वर्षांनी कल्हई काळवंडली की तो काच प्लॅस्टिकच्या टबात ठेवायचा, फरशी धुवायचं अ‍ॅसिड पाण्यात कालवून जुना थर उतरवायचा, आणि नागडी काच पुन्हा पुण्याला जायची. सरिता पदर नाकाला लावून दारात उभी असायची. 'मरा एकदाचे त्या वाफेत.'

सेलूकरांच्या फ्लॅटमधे जागा नव्हती, म्हणून दुर्बीण साहेबरावच्या ओसरीत असायची. मंडळाचे लोक गाडी घेऊन न्यायला यायचे आणि पायरीशी थांबायचे.

'या, चहा घ्या,' साहेबराव म्हणायचा.

'आत्ताच झाला.'

सकाळी या, दुपारी या, दिवेलागणीला या, त्यांचा चहा आत्ताच झालेला असायचा. सरितानं एकदा नवऱ्याला विचारलं, 'एवढा चहा पितेत, यांना झोप कशी लागती?'

'नाय लागत. म्हणून तर तारे बघतात.' आणि तो हसला.

तो अशा गोष्टींवर हसायचा. तिला त्याच्या काचेपेक्षा त्या हसण्याचा राग जास्त होता.

तिनं दुर्बिणीला डोळा लावला तो एकदाच. त्यानं शनी लावून ठेवला होता, कडी दिसत होती. ती म्हणाली, 'लई बारीक हाय.' मग नळीवरून हात फिरवत विचारलं, 'तुमचं नाव कुठं लिवलंय हिच्यावर?'

'आभाळ कुणाच्या बापाचं नाय, अगं.'

'आभाळ नसंल. काच तर तुमची हाय.'

तो पुन्हा हसला.

दोन वर्षांमागे तो कंपनीच्या बसमधे गेला. खिडकीला डोकं टेकून, बसल्या जागी. बस घराशी आली तरी उतरेना, तेव्हा कळलं. मंडळानं शोकसभा घेतली, सेलूकर चांगलं बोलले, बोलताना त्यांचा आवाज बसला. तो खोटा नव्हता. त्यानंतर दुर्बीण जुन्या चादरीखाली ओसरीत पडून राहिली. सरिता तिच्यावर ओले ब्लाउज वाळत घालायची.

यंदा मंडळाला पंचवीस वर्षं झाली. मंडळाची सचिव मनस्विनी, कॉलेजात शिकवणारी तरुण बाई, तिनं मोबाइलवर निमंत्रण पाठवलं. रौप्यमहोत्सव. कै. नानासाहेब सेलूकर स्मृती दुर्बीण, नामकरण सोहळा. नानासाहेब म्हणजे अध्यक्षांचे वडील.

सरितानं ते परत परत वाचलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, 'झालं की बापाचं.'

तिची मुलगी करुणा गंगापूरला शिक्षिका आहे. ती फोनवर वैतागली. 'आई, देऊन टाक ना. जागा अडवतंय नुसतं. पप्पांनी कधी नाव मागितलं का?'

'त्यांनी मागितलं नाय, म्हणून कुणी दिलं नाय. मी मागती.'

तिनं सेलूकरांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

'सर, त्या पाटीवर एक ओळ टाका. काच साहेबराव हिवराळे यांनी घासली. एवढीच.'

'वहिनी, साहेबरावांचं योगदान आम्ही विसरलो का कधी? पण मंडळात व्यक्तिपूजा नाही. दुर्बीण सगळ्यांची आहे.'

'मग नानासाहेब सगळ्यांचे का?'



'तो खर्चाचा भाग आहे,' सेलूकर म्हणाले. 'नळी, स्टँड, आरशावरचं कोटिंग, सगळं आमच्याकडून झालं. रविवारी सकाळी न्यायला येतो.'

'या. तुमचं जेवढं हाय तेवढं काढून ठिवते.'

त्यांनी तिचे आभार मानले.

रविवारी सकाळी तिनं नळीचं बूड सोडवलं. स्क्रू कुठले आधी, कुठले मागून, हे तिला बघून बघून पाठ होतं. बघायचं नाही असं ठरवूनही माणसाला घरातलं सगळं दिसतं. काच टबात उताणी ठेवली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं अ‍ॅसिड पाण्यात ओतलं. पदर नाकाला बांधला. काचेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, मोठं, वाकडं, रागीट. मग त्यावर बुडबुडे धरले. गाल उसवला, कपाळ गेलं. चंदेरी पापुद्रे सुटून पाण्यात तरंगायला लागले आणि तोंडाच्या जागी टबाचं निळं बूड दिसलं. तिनं काच बाहेर काढली, नळाखाली धुतली. जाड, हिरवट, आरपार. पाणी तिनं नरसाळ्यानं अ‍ॅसिडच्या आणि घरातल्या रिकाम्या बाटल्यांत भरलं.

गाडी आली तेव्हा नळी, स्टँड आणि त्या बाटल्या पायरीवर ओळीनं मांडलेल्या होत्या. सेलूकरांनी नळीत वाकून बघितलं. नळीच्या दुसऱ्या तोंडातून त्यांना रस्ता दिसला.

'आरसा कुठाय?'

सरितानं बाटल्यांकडे बोट दाखवलं. 'ही तुमची कल्हई. मोजून घ्या, थेंब ठिवला नाय.' मग आतून काच आणून दोन्ही हातांनी छातीशी धरली. 'ही आमची.'

सेलूकर बाटलीकडे बघत राहिले, मग काचेकडे. काचेतून तिच्या साडीची फुलं दिसत होती. 'वहिनी, या आरशात मी... अहो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ शनी मी यात बघितला.'

'फुकट बघितला.'

'साहेबरावांनी असं कधी केलं नसतं.'

'नसतं केलं. म्हणून तर पाटी तुमच्या वडलांची.'

'आता यात काही दिसणार नाही. कळतंय का तुम्हाला? काहीही दिसणार नाही.'

'मला कुठं काय बघायचंय?'

मनस्विनी इतका वेळ गाडीला टेकून होती. ती पुढे आली. 'सर, काच शाबूत आहे. पुण्याला पाठवली की पुन्हा होईल. एक ओळच तर मागताहेत. टाकू या ना.'

सेलूकरांनी रुमालानं मान पुसली. गल्लीतली दोन-तीन दारं उघडी झाली होती आणि त्यांना ती दिसत होती. 'असं दारात उभं राहून ठरत नसतं,' ते म्हणाले. 'समितीपुढे ठेवावं लागेल.'

'ठेवा,' सरिता म्हणाली. 'समितीचं हू दे. तवर काच हितंच.' आणि मग, इतक्या वर्षांच्या सवयीनं की मुद्दाम, तिलाच ठाऊक, 'चहा?'

'नको, आत्ताच...' सेलूकर थांबले.

'झालाय. ठावं हाय मला.'

'मला चालेल, काकू,' मनस्विनी म्हणाली.

'तुला विचारलं नाय.'

त्यांनी नळी आणि स्टँड गाडीत घातलं. बाटल्या तशाच राहिल्या. सरितानं त्या मोरीत ओतल्या. तासभर मोरी फसफसत होती.

सोहळा झाला. करुणाच्या शाळेतली एक बाई गेली होती, तिनं सांगितलं. नळी स्टेजवर उभी केली होती, झेंडूची माळ घातलेली, पितळी पाटी नवी कोरी, नानासाहेबांच्या नावाची. भाषणं झाली. बाहेर आभाळ स्वच्छ होतं, पण नळीच्या तोंडाला टोपी होती आणि डोळा लावायला कुणाला दिलं नाही. समितीकडून अजून कुणाचा फोन आलेला नाही.

काच सरितानं लोखंडी पेटीत ठेवली, साहेबरावच्या कंपनीच्या खाकी शर्टात गुंडाळून. झाकण लावायच्या आधी फोटोकडे वळली. तो त्यातही हसत होता.

'घ्या तुमची काच,' ती म्हणाली. 'आता ही तरी कुणाला वाटत फिरू नका.'