बर्फात मारलेलं मीठ

अंबरपेठेत दत्तोबाला अजून कुल्फीवालेच म्हणतात. गाडी विकून बरीच वर्षं झाली, पण नाव काही पुसलं जात नाही. कोठीच्या बाजारापर्यंत गाडी पुढून ओढायचा तो आणि मागून ढकलायची त्याची बायको मालनबाई. गिऱ्हाइकांना दिसायचा मात्र तो एकटाच. पुढे मालनबाईला साखरेनं गाठलं. तळपाय इतके बधिर झाले की चप्पल रस्त्यात गळून पडली तरी तिला पत्ता नसायचा. मग दत्तोबानं गाडी विकून ऑटो घेतला.

या ऑटोला एक पक्कं भाडं मिळालं, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानायला दत्तोबा कधी चुकला नाही. निरोप आला की सकाळी कत्तलखान्यातून बर्फाचा डबा उचलायचा आणि प्रयोगशाळेत प्राजक्ताच्या हाती द्यायचा. प्राजक्ता पुण्याची, इथे पीएचडी करणारी. डब्यात बोकडाचे ताजे मेंदू. दत्तोबा माळकरी, अंडंसुद्धा वर्ज्य. पण डबा बंद असतो, आणि पोरगी ‘काका, चहा घेऊनच जा’ म्हणते, तर धर्म बुडतो कुठे, असा त्याचा हिशेब.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. दिलसुखनगरला ऑटो अडकला आणि डब्यातून पाणी गळू लागलं. पुढच्या आठवड्यात मोठ्या मायक्रोस्कोपवर प्राजक्ताची पाळी होती. ती हुकली की पुन्हा कित्येक महिने थांबायचं, हे दत्तोबाला ठाऊक होतं. मग कुल्फीवाला जागा झाला. उसाच्या रसवाल्याकडून बर्फ घेतला, किराणावाल्याकडून जाडं मीठ, आणि डबा असा ठासून भरला की पूर्वीच्या कुल्फीनंसुद्धा हेवा करावा.

प्राजक्तानं डबा उघडला. आतली पिशवी दगडासारखी टेबलावर वाजली.

“काका, हे गोठलंय!”

“हौ ताई, मीठ मारलं ना! आता पाण्याची परेशानीच नक्को.”

ती मटकन खुर्चीत बसली. रागावली नाही, हे विशेष. “मेंदू गार हवा काका, गोठलेला नाही. आत बर्फाचे खडे होऊन सगळं फाटतं.”

दत्तोबाचा चेहरा उतरला. वितळून पुन्हा गोठलेल्या कुल्फीत कसे खडे पडतात आणि ती कशी वाया जाते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ज्या विद्येवर आयुष्यभर पोट भरलं, तिनंच आज पोरीचं काम नासवलं.

चहा न घेताच तो उठला. कत्तलखाना बंद झाला होता. मग अंबरपेठेतल्या महबूबभाईंच्या मटणाच्या दुकानाची पायरी तो जन्मात पहिल्यांदा चढला. संध्याकाळच्या दावतीसाठी बोकड नुकताच कापला होता.

“क्या दत्तोबा, तुम कब से भेजा खाने लगे?”

“खाता नै भाई, पहुँचाता.”

महबूबभाई पोट धरून हसले, पण भेजा दिला. या खेपेला नुसता बर्फ. डबा वेळेत पोचला.

पुढच्या आठवड्यात प्राजक्तानं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. काळ्या पडद्यावर हिरवे धागे पसरले होते आणि त्यांवरून लाल ठिपके पुढे सरकत होते.

“हे धागे तुम्ही आणलेल्या मेंदूतल्या प्रोटीनचे. आणि हे ठिपके म्हणजे मोटर, एकेक रेणू. ओझं घेऊन पावलं टाकत जाते. माल कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत नसेतून असाच पोचतो. उद्या हिच्या पाठीवर औषध लादून हवं तिथे पोचवता येईल का, ते आम्ही शोधतोय.”

दत्तोबा एका ठिपक्यामागे डोळे लावून बसला होता. “आमच्या मालनच्या पायात हे हमाल थकलेत का हो?”

“असतील, काका. साखरेनं काय काय बिघडतं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. हे औषध काकूंना मिळेल, असं खोटं मी सांगणार नाही.”

या खरेपणानंच त्याला भरून आलं. “सांगितलंत, दाखवलंत, लई झालं ताई,” तो म्हणाला आणि पडद्याला हात जोडले. एवढे हमाल जन्मभर आतून ओझी वाहतात आणि माणूस त्यांना कधी पाणीसुद्धा विचारत नाही, याची त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त माया.

संध्याकाळी मालनबाई पाय पसरून भाजी निवडत बसली होती. रोजच्यासारखी तेलाची वाटी घेऊन दत्तोबा तिच्या पायांशी बसला. अंबरपेठ ते कोठी गाडी ढकलत गेलेले हे पाय. तिला कळलं असतं तर ‘अहो, मला पाप लागेल’ म्हणून तिनं ते झटकन ओढून घेतले असते. त्यानं वाकून तिच्या तळपायांवर कपाळ टेकलं आणि तसंच टेकवून ठेवलं.

तिला काहीच कळलं नाही. भाजी संपली तेव्हा तिनं मान वर केली.

“काय हो, एवढं वाकून काय बघताय?”

“काय नाही,” दत्तोबा म्हणाला, “तेल मुरलं का ते बघतोय.”