बाईसाहेबांचा पाय आणि मामांचं नाक

माझे थोरले मामा घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेत मोतद्दार होते. चौदा घोडे, आणि त्यांचा खरारा, दाणापाणी, दुखणंखुपणं सगळं मामांच्या अंगावर. माणसांत ते फार रमत नसत. मामी म्हणायची, "घरी पाहुणे आले की हे तबेल्यात, आणि तबेल्यात पाहुणे आले की गवताच्या गंजीमागे."

सकाळी तबेल्यात शिरले की मामा प्रत्येक घोड्याच्या नाकाला नाक लावून हळूच फुंकर घालत. घोडे एकमेकांना असेच भेटतात म्हणे. दुसरी सवय औषधांची. आजारी घोड्याने दाण्याला तोंड लावलं की मामा औषध बंद करत आणि उरलेल्या पुड्या पत्र्याच्या डब्यात ठेवून देत. "बरा झालेल्याला कशाला? दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल," म्हणत. मग कुणी खोकलं, कुणाला खरचटलं, की डबा उघडायचा, हाताला येईल ती पुडी दोन दिवस द्यायची. डॉक्टरला बोलवायचं म्हणजे मामांना अपमान वाटे.

त्या तबेल्यात एक करडी, म्हातारी घोडी होती. मामा तिला बाईसाहेब म्हणत. "मला नाही कधी म्हणालात ते," मामी टोचायची. या बाईसाहेबांच्या मागच्या पायाला तार लागली. जखम बोटभर. मामांनी डबा काढला. एक पुडी तीन दिवस, दुसरी दोन दिवस, तिसरी अंदाजाने. पाय सुजून खांबासारखा झाला, पू वाहू लागला आणि बाईसाहेबांनी तो टेकणंच सोडलं. तेव्हा कुठे डॉक्टरीणबाई आल्या. वयाने मामांच्या मुलीएवढ्या, पण बोलणं सरळ.

"मामा, घोडा तीन पायांवर फार दिवस काढत नाही. उशीर केलात."

त्यांनी जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेतला. मग दुसरी काडी काढली. "नाक वर करा."

"कुणाचं? माझं? अहो, दुखतंय तिच्या पायाला!"

"फुंकर कोण घालतं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. चहाडी मीच केली होती.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या ताटलीचा फोटो आणला. ताटलीवर जंतूंचा पिवळट थर आणि त्यावर दहा टिकल्या, प्रत्येकीत वेगळं औषध. नऊ टिकल्यांना जंतू खेटून मजेत वाढलेले. एकीभोवती मात्र मोकळं रिंगण.

"एवढं एकच औषध चालतंय," बाई म्हणाल्या. "आणि हेच जंतू तुमच्या नाकात आहेत."

"तीस वर्षं सांगतेय, तोंड धुऊन घरात या," मामीला जन्माचं समाधान मिळालं.

"पण मी औषध देतच होतो की!" मामा रडकुंडीला आले.

"अर्धं दिलंत. अर्ध्या औषधाने लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि त्यांची पिल्लावळ चिवटच निपजते. इतकी वर्षं तुम्ही त्यांची तालीम घेतलीत, मामा."

"म्हणजे मी त्यांचा वस्ताद?"

"एक नंबरचा."

डबा बाईंनी जप्त केला. ते एकच औषध एकवीस दिवस, दिवसातून दोन वेळा, एकही डोस चुकवायचा नाही. तो उपाय हुकला तर पुढे काही शिल्लक नव्हतं. बाईसाहेब वेगळ्या खोलीत, मामांना मास्क, हातमोजे आणि नाकात लावायला मलम. फुंकर बंद. पुड्यांची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी रोज देवापुढे त्या पायासाठी हात जोडत होते. मलमासाठीही जोडत होते, कारण मामांचा भरवसा नव्हता.

मास्क लावलेल्या मामांना बाईसाहेब ओळखेनात. कान मागे टाकून दात दाखवत. "अहो, मीच आहे," मामा काकुळतीने सांगत. औषध कडू. दाण्यात मिसळलं तर त्या दाणे खात आणि भुकटी अचूक बाजूला ठेवत. शेवटी पाण्यात कालवून पिचकारीने तोंडात सोडायचं ठरलं.

बाराव्या दिवशी पट्टी बदलताना मामा केवढ्याने ओरडले! मी धावले. बाईसाहेबांचा दुखरा पाय मामांच्या पायावर होता, अख्ख्या वजनानिशी.

"टेकला गं! टेकला बघ!" मामांच्या डोळ्यांत पाणी. आनंदाचं किती आणि अंगठ्याचं किती, देव जाणे.

मग मामांनी अंगठा सोडवून घेतला. पुड्यांकडे बघत म्हणाले, "आता बरं झालंय. दाणेही खातात. उगाच कडू कशाला पाजायचं त्यांना?"

"अजून नऊ दिवस, मामा."

"तू कुणाच्या बाजूची?"

"बाईसाहेबांच्या."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, पण पिचकारी चुकली नाही. तबेल्यातले लोक विचारत, "बरी झालेल्या घोडीला औषध कसलं?" मामा मास्कमधून खेकसत, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" जणू हे ज्ञान त्यांना जन्मजात होतं.

एकविसाव्या दिवशीच्या शेवटच्या पिचकारीतलं निम्मं औषध बाईसाहेबांनी मामांच्या सदऱ्यावर थुंकलं. मी म्हटलं, "जाऊ द्या, तेवढ्याने काय होतंय?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "बाई, शेवटचं अर्धं सांडलं. नवी पुडी पाठवा. हो, आत्ताच. मी आणि बाईसाहेब इथेच उभे आहोत."