आयसीयूतली शांत सकाळ

मंगळवार, १२ मार्च. सून चहा न घेताच गेली. आज आयसीयूचं जुनं मशीन बंद करून काम नव्यावर न्यायचं आहे म्हणाली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे, प्लंबरला निरोप ठेवला. दुपारी नणंदेचा फोन, गुडघ्यांची तक्रार. सून दिवेलागणीला आली. जेवली नाही.

सासूबाईंच्या डायरीत आधी एवढंच होतं. मुलगा जहाजावर, घरात या दोघीच. बाकीचं सुनेनं पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, कधी भाजी निवडताना, कधी अर्धं सोडून.

हॉस्पिटलात तिला सगळे ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणत. तळघरात तिची खोली. तिथल्या जुन्या मशीनवर आयसीयूतल्या प्रत्येक खाटेचे ठोके आणि ऑक्सिजनचे आकडे येत. तेच वर आयसीयूतल्या सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसत, आणि काही बिघडलं की अलार्म वाजे. खाटांजवळच्या मॉनिटरचे आवाज पेशंटना झोप लागावी म्हणून कधीच बंद केलेले होते. सगळी भिस्त त्या एका अलार्मवर. आणि मशीन तर दमेकऱ्यासारखं धापा टाकत होतं, सुटे भाग मिळत नव्हते. साहेब म्हणाले, सगळं आहे तसं उचला आणि नव्या सर्व्हरवर ठेवा.

नव्या सर्व्हरवर हायपरवायझर होता. म्हणजे घरमालकच, एकाच मशीनमध्ये अनेक सिस्टीमना जागा वाटून देणारा. जुन्या सिस्टीमचा कर्नल, म्हणजे सगळ्यात आधी जागा होणारा तिचा गाभा, मात्र हट्टी. मेमरीत ठरलेल्याच जागी बसणार, नाहीतर उठणारच नाही. सुनेनं महिनोन् महिने खपून त्याचा हट्ट मोडला. आता तो मालकाला सांगू शकत होता, मला कुठलीही खोली द्या, मी माझा संसार मांडतो. चाचणीच्या मशीनवर तिनं तो पुन्हा पुन्हा चालवला. दर वेळी अलार्म खणखणीत वाजला.

त्या सकाळीही पडदा झटक्यात उजळला. थोरल्या सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, “चला, सुटलो. ते जुनं खोकड म्हणजे अगदी सासू होती. कुणाचं बोट हललं तरी ओरडायची.”

“माझी सासू ओरडत नाही,” सून म्हणाली, “लिहून ठेवते.”

हशा झाला. ती खाली आली.

दुपारी डबा उघडून ती मशीन सुरू होतानाचे संदेश वाचत बसली. एका ओळीत कर्नलचा मेमरीतला पत्ता होता, आणि तो नेहमीचा नव्हता. नेहमीची जागा या सर्व्हरनं स्वतःसाठी अडवून ठेवली होती, म्हणून हायपरवायझरनं कर्नलला वर कुठेतरी बसवलं होतं. “अरे वा, हलला की!” ती स्वतःशीच म्हणाली. घास तोंडाशी नेला, आणि हात तिथेच थांबला. आज हलला, म्हणजे याआधी कधी हललाच नव्हता. चाचणीच्या मशीनवर जुनी जागा रोज मोकळीच असायची. रोज तो तिथेच जाऊन बसायचा. मग इतके दिवस आपण तपासलं काय?

लिफ्टची वाट न पाहता ती जिने चढली.

“सिस्टर, सकाळपासून अलार्म वाजला का?”

“एकदाही नाही गं! नवीन सून गुणी निघाली.”

आयसीयूत सकाळभर अलार्म न वाजणं शक्यच नव्हतं. बोटाला लावलेली क्लिप सरकली, कुणी कूस बदलली, तरी तो वाजे. सिस्टर दिवसभर त्याच्या नावानं बोटं मोडत. सुनेनं शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या बोटाची क्लिप काढली. पडद्यावरचा आकडा लाल झाला. आवाज नाही.

सिस्टरचा चेहरा उतरला. त्यांची नजर पडद्यावरून झरझर फिरली आणि खालच्या कोपऱ्यात अडकली. तिथे आणखी एक चौकोन लाल होता.

“सहा नंबर!”

सहा नंबर पार्टिशनच्या मागे. डॉक्टर आणि दुसऱ्या सिस्टर दोन नंबरच्या पेशंटला नळी घालण्यात गुंतले होते. पडद्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण कान उघडे होते.

सगळे धावले. सून भिंतीला टेकून उभी राहिली. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. “ठोके आलेत,” ते म्हणाले. “पण शुद्ध नाही. डोळे काही सांगत नाहीत.”

जुनं मशीन कसंबसं पुन्हा सुरू झालं. ते दर घटकेला ओरडत होतं, आणि आज त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. खाली सुनेला चूक सापडली. कर्नल नीट हलला होता. पण अलार्मचा आवाज काढणाऱ्या कार्डाला, म्हणजे मशीनमध्ये खोचलेल्या छोट्या पट्टीला, फार वर्षांपूर्वी कुणीतरी कर्नलचा जुना पत्ता थेट लिहून दिला होता. कार्ड सकाळभर रिकाम्या खोलीत डोकावत होतं.

“कार्ड जुनं होतं, गेलं, असं सांगू,” साहेब म्हणाले. “त्यात खोटं काय?”

“कार्ड चांगलं आहे, सर.”

“अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. नोकरी करायची आहे ना?”

ती उठली. वर गेली. सहा नंबरच्या पेशंटच्या पत्नी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर नवऱ्याचा चष्मा. हिला पाहून म्हणाल्या, “तुम्ही लोकांनी खूप धावपळ केलीत हो.”

“काकू, अलार्म वाजला नाही. तो मी बसवला होता.”

बाईंना कळायला वेळ लागला. “वाजला असता तर?”

“माहीत नाही.”

बाईंनी चष्मा उघडला, मिटला. “जा तुम्ही,” म्हणाल्या. “आत्ता माझ्यासमोर थांबू नका.”

घरी सासूबाईंनी वाढलेलं ताट तसंच राहिलं. नळाची टपटप सुनेला छळत असेल म्हणून त्यांनी खालच्या पातेल्यात फडकं घातलं. सुनेनं ते काढून पिळलं.

“राहू दे आई. ऐकू येऊ दे.”

सासूबाईंनी डायरी पुन्हा उघडली आणि खाली एक ओळ वाढवली. प्लंबर आला नाही. नळाखाली पातेलं ठेवलं आहे.