चौतीस टक्क्यांचं प्रमाणपत्र

माझा उजवा हात चौतीस टक्के अधू आहे असं सरकारने पहिल्यांदा लिहून दिलं, तेव्हा चूक सरकारची नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. ती माझी होती. ती कशी झाली आणि कोणी निस्तरली, ते लिहून ठेवते आहे, कारण निस्तरणारीने माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही.

मी कासुर्डीत राहते. सव्वीस वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवले. नवरा गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालतो. उसाच्या हंगामात त्यांना रोज काम असतं, एरवी मिळेल तेव्हा. त्यामुळे घरात वर्षभर चालणारी गोष्ट एकच होती, माझं मशीन. तीन वर्षांपूर्वी मांडवगण फराट्याला माहेरी जाताना पुलाच्या अलीकडे खडीवर आमची मोटारसायकल घसरली. ह्यांचं गुडघ्यावर निभावलं, मी उजव्या खांद्यावर पडले. हाड मोडलं असतं तर जुळलं असतं. माझ्या खांद्यातल्या नसा ताणल्या गेल्या होत्या. पुण्यात दोन ऑपरेशनं झाली. आता कोपर अर्ध्यापर्यंत वाकतं, बोटं मिटतात, पण पकड धरत नाहीत. कात्री तर सोडाच, सुईसुद्धा बोटांतून गळून पडते.

ऑपरेशननंतरचे दोन महिने मी माहेरी होते. गावातून रोज कोणी ना कोणी भेटायला यायचं. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोणी जात नाही, त्यामुळे बिस्किटांच्या पुड्यांची चळत लागली होती. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "कसं हाय आता?" आणि आमच्याकडे त्याला उत्तरही एकच असतं, "बरं हाय." दुसरं काही सांगितलं तर समोरची बाई तासभर उठत नाही, शिवाय जाताना आईजवळ चुकचुकून जाते. मी दोन महिने सगळ्यांना बरं हाय म्हणत होते. कासुर्डीला परतल्यावरही तेच चालू ठेवलं. डाव्या हाताने भाकरी थापायला शिकले. साडी नेसताना निऱ्या गुडघ्यांत धरायच्या, गाठ दातांनी ओढायची, असे मार्ग शोधले. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

पण मशीन बंद होतं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. शेजारची बाई कुरकुंभला एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जाते, तिने मुलीसाठी शब्द टाकून ठेवला होता. कंपनीची गाडी हायवेवर थांबते, आठ तासांची शिफ्ट, कँटीन. मुलीने आम्हाला सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत घरात दुसरी सोय झाली नाही तर ती कॉलेज सोडून कामाला लागणार. तिने ते रडून सांगितलं नाही, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. ती माझ्यावर गेली आहे. ह्यांचं म्हणणं, कंपनीत गेली तर काही बिघडत नाही. माझं म्हणणं, बिघडतं. एकदा शिफ्टला लागलेली मुलगी पुन्हा वर्गात बसलेली मी आमच्या आळीत पाहिली नाही.

सरकारची निराधारांसाठी योजना आहे, त्यात अपंगांनाही महिन्याला अनुदान मिळतं, एवढं मला माहीत होतं. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मुलीने ऑनलाइन अर्ज भरला आणि तपासणीची तारीख आली.

त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसले. मुलीने घट्ट वेणी घालून दिली. मोठ्या माणसापुढे अजागळ जायचं नाही, ही घरची शिकवण. डॉक्टर तरुण होते. बाहेर एवढी रांग असूनही त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, हात हलवून पाहिला आणि एकेक विचारायला लागले. जेवता का हाताने? व्हय. केस विंचरता? व्हय. कपडे घालता? पाणी पिता? मी प्रत्येकाला व्हय म्हणत गेले. वर आपणहून सांगितलं की गेल्या आठवड्यात पाहुणे आले होते, तर मी एकटीने पंधरा भाकऱ्या टाकल्या. ते म्हणाले, "छान." परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर आल्यासारखी मी बाहेर आले.

प्रमाणपत्रावर चौतीस टक्के होते. तहसील कचेरीतल्या क्लार्कने ते पाहिलं आणि अर्जाचा गठ्ठा दोऱ्यासकट माझ्याकडे परत सरकवला. चाळीस टक्क्यांच्या खाली अर्ज घेता येत नाही, असं तो म्हणाला. तुसडेपणाने म्हणाला नाही, पण म्हणाला.

घरी आल्यावर ह्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि म्हणाले, "शाळंत पस्तीसला पास करत्यात. तू तितंबी एका मार्कानं गेलीस."

मला हसू आलं, मग राग आला, मग दोन महिने मी त्या कागदाचं नावच काढलं नाही. मध्ये एकजण घरी येऊन गेला. ठराविक रक्कम दिली तर टक्के वाढवून आणतो म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. हात खराच अधू होता, मग त्याचा कागद खोटा कशाला करायचा?

रस्ता दाखवला तो आमच्या आशा सेविकेने. ती म्हणाली, दौंडच्या कोर्टात विधी सेवेचं ऑफिस आहे, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो. माझा विश्वास बसला नाही. कोर्ट म्हणजे जमिनीची भांडणं, तारखा आणि काळा कोट, एवढंच आमच्या घराला ठाऊक. फुकटचा वकील फुकटासारखंच काम करणार, असं ह्यांचं मत पडलं. तरी मी मुलीला घेऊन गेले.

आमच्या वाट्याला आलेल्या वकीलबाई दौंडातल्या जुन्या मुस्लिम घरातल्या. वय माझ्याहून दहा वर्षांनी कमी, बोलणं शिक्षिकेसारखं. त्यांनी आधी तारीख पाहिली. प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येतं आणि त्याची मुदत संपायला अकरा दिवस राहिले होते. "दोन महिने काय करत होतात?" त्यांनी विचारलं. रुसून बसले होते, हे मी सांगितलं नाही. नंतर त्यांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि तपासणीत काय काय विचारलं ते विचारलं. मी सांगितलं. पंधरा भाकऱ्यांचंही सांगितलं.

"भाकरी कोणत्या हातानं थापता?"

"डाव्या."

"आणि जेवता?"

"डाव्याच."

"वेणी?"

मी वेणी पदराखाली घेतली. मुलगी म्हणाली, "मी घालते. अंघोळीला पाठ मीच चोळते. ब्लाउजची हुकं मीच लावते. तिला इचारा, तिनं डॉक्टरांना ह्यातलं एक तरी सांगितलंय का."

मला त्या मुलीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. वकीलबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मावशी, डॉक्टरांनी तुम्हाला हाताचं विचारलं होतं. तुम्ही घराचं सांगून आलात."

त्या एका वाक्याने मला जे कळलं ते चौतीस टक्क्यांच्या कागदाने कळलं नव्हतं. मी त्या डॉक्टरांना भेटायला आलेला पाहुणा समजले होते. त्यांना हाताचा हिशेब हवा होता, आणि मी त्यांना माझ्या संसाराचा मोठेपणा दिला.

पुढचा तासभर वकीलबाईंनी माझ्याकडून सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंतचं सगळं काढून घेतलं. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न, उजव्या हाताने होतं का? मी सवयीने कुठे फुगवून सांगितलं तर त्या मुलीकडे बघायच्या. एका जागी मी उलट टोकाला गेले. म्हणाले, उजव्या हाताने काहीच होत नाही. त्यांनी पेन थांबवलं. "असं चालणार नाही. जे येतं ते येतं म्हणायचं. एक शब्द कमी नको आणि एक शब्द जास्त नको. जास्त बोललात तर मी तुमचं काम सोडून देईन." आवाज चढवला नव्हता, पण खरोखर सोडतील असं वाटलं. मग मी नीट आठवून सांगितलं. दार ढकलता येतं. पिशवी मनगटात अडकवून नेता येते. पाण्याचा ग्लास अर्धा असेल तर उचलता येतो, भरलेला नाही.

त्यांनी ऑपरेशनचे कागद मागितले. ते मी पहिल्या तपासणीला नेलेच नव्हते. नसांची तपासणी झाली होती, तिचा रिपोर्ट घरी पत्र्याच्या पेटीत होता. दुखणं झालं, पैसे दिले, कागदाचं काम संपलं, असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी मुलगी तो घेऊन पुन्हा दौंडला गेली. अपील मुदतीच्या सहा दिवस आधी दाखल झालं.

दुसरी तपासणी पुण्यात झाली. वकीलबाईंनी आदल्या दिवशी फोन केला आणि दोनच गोष्टी सांगितल्या. रोजच्यासारखी साडी नेसा, आणि विचारतील ते करून दाखवा, जमलं नाही तर तिथेच थांबा. तो फोन तीन मिनिटांचाही नसेल.

या वेळी तीन डॉक्टर होते. त्यातल्या मोठ्या बाईंनी रिपोर्ट शांतपणे वाचला. मग उजव्या हाताने कान पकडायला सांगितला, नाकाला बोट लावायला सांगितलं, नाव लिहायला सांगितलं. नाव अर्धंच लिहून झालं, पेन निसटलं. मी ते डाव्या हाताने उचलून पुढचं लिहायला निघाले होते. जन्मभर अर्धं काम कधी सोडलं नाही. पण थांबले. मग त्यांनी टेबलावर एक शर्ट ठेवला आणि उजव्या हाताने त्याचं बटण लावायला सांगितलं.

सव्वीस वर्षांत मी किती काजं केली असतील त्याची गणती नाही. त्या दिवशी काज डोळ्यांसमोर होतं आणि बटण आत जाईना. कोणी घाई केली नाही. मुलगी दाराजवळ उभी होती, तिने मान खाली घातली. ते मला फार लागलं. शेवटी मी म्हणाले, "हे होत न्हाई." पुढे काहीतरी जोडायचं अगदी ओठांवर आलं होतं, डाव्या हाताने झटक्यात लावते वगैरे. ते मी गिळलं. त्यांनी पाण्याचं विचारलं तेव्हा अर्ध्या ग्लासाचं खरं तेच सांगितलं आणि उचलूनही दाखवला. बाईंनी तेही लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी मुलीला विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, "पहिल्यांदाच खरं बोललीस." असं म्हणून तिने माझ्यासाठी चहा आणला.

प्रमाणपत्र आलं ते बावन्न टक्क्यांचं. निराधार योजनेचा अर्ज त्याच क्लार्ककडे गेला. आता त्याने तो घेतला, वर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपत आल्याचंही स्वतःहून सांगितलं, म्हणून तो वेळेत नवा काढता आला. समितीची बैठक दोनदा पुढे गेली. दिवाळी जवळ येत होती. शेजारच्या बाईने मुलीचे फोटो आणि आधारची झेरॉक्स मागून घेतली, मुलीने ती दिली. मी ते नुसतं पाहिलं. मुलीने दिवाळीचा शब्द दिला होता आणि माझ्या हातात अजून काही नव्हतं.

मंजुरीचं पत्र धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी आलं. वकीलबाईंना फोन केला तर म्हणाल्या, बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे ना ते आजच बघा. आनंदाबिनंदाचं त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची ही रीत मला पहिल्या दिवसापासून पटली होती. ह्यांनी गुऱ्हाळावरून गुळाची ढेप आणली आणि आम्ही दोघं ती घेऊन कोर्टात गेलो. त्यांनी ढेप घ्यायला नकार दिला. फी सरकार देतं, म्हणाल्या. ह्यांनी तिथेच एक कोपरा फोडला आणि म्हणाले, "मॅडम, आता फोडली, तर परत कशी न्यायची?" तेव्हा त्यांनी एक खडा तोंडात टाकला आणि बाकीची ढेप शिपायाकडून सगळ्या ऑफिसात वाटायला लावली. फुकटच्या वकिलाबद्दल ह्यांनी परत कधी काही म्हटलं नाही.

त्या एका बाईचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही, आणि फेडावेत अशी त्यांची अपेक्षाही नाही. क्लार्कचे, आशा सेविकेचे, त्या डॉक्टरबाईंचे आभार मनात आहेतच. पहिल्या तरुण डॉक्टरांचेही आहेत. रांगेत एवढी माणसं असताना त्यांनी माझ्या पंधरा भाकऱ्या ऐकून घेतल्या.

कोर्टातून परतलो त्या संध्याकाळी मी शेजारी जाऊन सांगितलं की मुलगी एक तारखेपासून कंपनीत कामाला येणार नाही. शेजारची बाई म्हणाली, "मी ठेकेदाराला आता काय सांगू? तुमचं सरकारचं पैसं किती दिस पुरणार हायत?" मी म्हटलं, दीड वर्ष तरी पुरले पाहिजेत, तेवढंच कॉलेज उरलंय. तिने फोटो आणि झेरॉक्स परत दिली. वाईट वाटलं तिला, ते साहजिक होतं.

घरी आले तर मुलगी अंगणात भांडी घासत होती. फोटो तिच्यापुढे धरले. तिने राखेचे हात तसेच ठेवून ते बघितले. "कँटीनमधी रोज येगळी भाजी असती म्हणं," ती म्हणाली. मग हात धुतले, फोटो पुसून आत नेले आणि परीक्षेच्या फॉर्मला यातलाच एक लागेल म्हणाली.