जादा अर्धा मीटर

अमीनाबादच्या पडद्यांच्या दुकानात एक अनोळखी बाई माझ्या शेजारी उभी होती. उभी कसली, सारखी या पायावरून त्या पायावर होत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

मला चार खिडक्यांसाठी सव्वादोन मीटरचा एकेक पडदा हवा होता. "सव्वादोन चोक नऊ," मी पुटपुटले आणि दुकानदाराला म्हणाले, "भैया, नौ मीटर."

त्यानं कात्री उचलली, तोच तिनं ताग्यावर हात ठेवला.

"मराठी ना? फौजी क्वार्टर?"

मी मान डोलावली.

"मग पावणेतीन धरा. पावणेतीन चोक अकरा. जादा अर्धा मीटर प्रत्येकाच्या खाली दुमडून शिवा. पुढच्या पोस्टिंगला खिडकी मोठी निघाली की उसवायचं."

"अहो, आम्ही परवाच तर आलोय इथे!"

"हाँ, मीपण दर वेळी परवाच आलेली असते," ती म्हणाली आणि आपलं पुडकं काखेत मारून गर्दीत घुसलीसुद्धा.

मी अकरा मीटर घेतलं. पडदे छान बसलेत. पण तळाशी दुमडलेलं ते कापड दिसतं, आणि भिंतीत साधा एक खिळा ठोकायला माझा हात धजावत नाही.